कोठीतला जबाब

सिनेटर लायसँडर टटल शेतीवर बोलायला उभा राहिला की राजधानीतल्या वकिलांनाही नांगर धरावासा वाटे. नुसत्या शेणखतावर तो पाऊण तास बोले, आणि पहिल्या रांगेतल्या बायका नाकाला रुमाल न लावता ऐकत. 'वाईट जमीन नसते, वाईट शेतकरी असतो' हे त्याचं वाक्य तीन वर्तमानपत्रांनी छापलं होतं, आणि काउंटीच्या जत्रेत ते लाल कापडावर मोठ्या अक्षरांत टांगलेलं असे. त्याच्या स्वतःच्या दोनशे एकरांत मात्र बेडूक, लव्हाळे आणि डास एवढंच काय ते नेमाने पिकत होतं.

ही दोनशे एकर दलदल रस्त्याच्या उत्तरेला होती. दक्षिणेला, ओढ्याकाठी, ऐंशी एकर काळीभोर जमीन होती, आणि तिथला मका ऑगस्टात पुरुषाच्या डोक्यावर जाई. ती जमीन लायसँडरची नव्हती. ती त्याच्या बायकोची, केझायाची.

केझायाचा बाप व्हरमाँटहून बैलगाडी हाकत इकडे आला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. जमीन कुठे होती तेव्हा, नुसतं रान होतं. बाप झाडांच्या साली गोल सोलून ती उभीच वाळवी, मग पाडी, मग जाळी, आणि उरलेले बुंधे बैल जुंपून उपटी. केझाया दगड वेची. तिने वेचलेल्या दगडांचं कुंपण अजून शेताभोवती उभं होतं. बापाची कंबर त्या कामात गेली आणि तिच्या डाव्या हाताची दोन नखं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून मरताना त्याने शेत तिच्या नावावर केलं आणि वर म्हणाला, "नवरा बोलका आहे तुझा. सांभाळ."

खरं सांगायचं तर तिला नवऱ्याचं बोलणं आवडे. शाळामास्तर होता तेव्हा त्या बोलण्यावरच भाळून तिने लग्न केलं होतं. बावीस वर्षांत त्याने तिच्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. आवाज तो सभेसाठी राखून ठेवी. तो राजधानीत भाषणं करी, ती इथे दोन गडी हाताशी धरून शेत करी, आणि दोघांचंही बरं चाललं होतं. गावात लोक म्हणत, "टटलांच्या घरी नांगर बाई धरते अन् तोंड बाप्या चालवतो." हे ऐकून सगळ्यांत मोठ्याने हसे तो लायसँडरच. पण हसून झालं की थोडा वेळ तो खिडकीबाहेर पाहत बसे, हे फक्त केझायाला माहीत होतं.

त्याला एक कॉलेज हवं होतं. लॅटिन शिकवणारं नव्हे. शेतकऱ्यांच्या पोरांना माती, खत, गुरं, पाटबंधारे शिकवणारं. पोरांनी सकाळी धडे घ्यायचे आणि दुपारी तीन तास शेतात राबायचं. तीन आठवडे बोलबोलून त्याने ते विधेयक दोन मतांनी पास करून घेतलं. मग जागेचा प्रश्न आला. शेजारच्या काउंटीने टेकडीवरची कोरडी ठणठणीत जमीन देऊ केली. लायसँडर भर सभागृहात उठला, छातीवर हात ठेवला, आणि म्हणाला, "माझी दोनशे ऐंशी एकर जमीन मी या कॉलेजाला दान देतो!"

केझायाला ते वर्तमानपत्रातून कळलं. तो घरी आला तेव्हा तिने सफरचंद भरून भाजलेली पाई त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "अहो मिस्टर टटल, तुमची जमीन किती?"

"केझाया, पोरांच्या भवितव्याचा प्रश्न आहे हा."

"मी जमीन विचारली."

"दोनशे," तो पाईत काटा रुतवत म्हणाला.

"मग द्या की दोनशे."

"अगं, तिथे बेडूक आहेत."

"असेनात. वाईट जमीन नसते म्हणे."

त्यावर तो गप्प झाला. लायसँडर टटल गप्प झाला म्हणजे काहीतरी खरंच दुखलं होतं. मग अगदी साध्या आवाजात, सभेचा सूर न लावता, तो म्हणाला, "आजवर नुसता मीच उभा राहिलो गं, सतरा सभांत. माझ्या हातून दुसरं काहीही उभं राहिलं नाही. हे एवढं राहू दे."

केझायापुढे इकडे आड, तिकडे विहीर. शेत दिलं तर बाप दुसऱ्यांदा मेला असता, आणि नाही म्हटलं तर हा माणूस. बरं, नुसतं त्याने देऊन चालणार नव्हतं. बापाकडून आलेली जमीन बाईची, आणि तिच्या सहीशिवाय ती विकता वा देता येणार नाही, असा कायदा राज्याने पाच वर्षांपूर्वीच केला होता. त्यात आणखी एक कलम होतं. सही झाल्यावर मॅजिस्ट्रेटने बाईला नवऱ्यापासून वेगळ्या खोलीत न्यायचं, दार लावायचं आणि विचारायचं: ही सही तू नवऱ्याच्या भीतीने वा जबरदस्तीने तर केली नाहीस ना? हे कलम पास करताना दीड तास बोलला होता तो कोण, तर सिनेटर लायसँडर टटल. 'ज्या घरात जुलमी नवऱ्याच्या पावलांनी जिना कापतो' असं तो म्हणाला तेव्हा गॅलरीतल्या बायका रडल्या होत्या. त्याने स्वतः जुलमी नवरा कधी पाहिला नव्हता, आणि त्याच्या घराला जिनाही नव्हता.

जूनमध्ये कॉलेजाच्या समितीचे सात जण जागा बघायला आले. त्यांचा म्होरक्या डीकन बार्नबस हॉज, चर्चमधलं मोठं प्रस्थ. चर्चमध्ये त्याच्यापुढे कोणी ब्र काढत नसे आणि घरी बायकोपुढे तो. त्यांना दलदल दाखवायची वेळच लायसँडरने येऊ दिली नाही. थेट ओढ्याकाठी नेलं. केझायाने आणि तिच्या गड्यांनी चार वर्षं खपून तिथे जमिनीखाली मातीच्या नळ्या पुरून पाणी काढलं होतं, त्या कामाकडे काठी दाखवत तो म्हणाला, "ही आमची पद्धत." डीकनने मूठभर माती उचलून हुंगली आणि सातही टोप्या मान्यतेने हलल्या. केझाया स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत होती. 'आमची' हा शब्द तिथपर्यंत ऐकू आला, सभेचाच आवाज तो.

जेवायला तिने कोंबडीची पाई, उकडलेलं खारं डुकराचं मांस, बीट, मक्याची भाकरी आणि तीन तऱ्हेची लोणची केली होती. पाहुण्यांना उपाशी ठेवून भांडायची त्या घराची रीत नव्हती. जेवणं आटोपली तसा लायसँडर पाण्याचा पेला घेऊन उठला; दारू तो पीत नसे, बोलण्यावरच त्याला चढे.

"मित्रहो, या कॉलेजाचा बाप मी असेन," तो म्हणाला, "पण आई ही बसलीय!"

सातही जण उभे राहिले. टाळ्या झाल्या. कोणीतरी बशा सरकवल्या आणि त्या जागी कागद आला, कागदावर लेखणी आली. लायसँडरच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत. सात परक्या पुरुषांसमोर, भरल्या ताटांवर, नवऱ्याला तोंडघशी पाडायचं तिच्याने झालं नाही. तिने सही केली.

"आता रीतीप्रमाणे," एनॉस प्रॅट उठत म्हणाला. तो गावचा मॅजिस्ट्रेट, पाणचक्कीचा मालक आणि केझायाच्या बापाचा दोस्त. सारं गाव त्याला एनॉसकाका म्हणे. बैठकीच्या खोलीत जाकिटं आणि टोप्यांचा ढीग पडला होता, म्हणून तो तिला घेऊन पीठमिठाच्या कोठीत शिरला आणि दार ओढून घेतलं. पिठाच्या पिंपावर त्याने कागद ठेवला, चष्मा लावला.

"केझाया टटल, ही सही तू नवऱ्याच्या भीतीने वा जबरदस्तीने केलीस का? नाही म्हण, म्हणजे मला बाहेर जाऊन आणखी पाई खाता येईल."

"एनॉसकाका, मला शेत द्यायचं नाहीये."

म्हाताऱ्याने चष्मा काढला. "मग सही का केलीस, पोरी?"

"सात जण उभे होते. टाळ्या वाजवत होते."

"टाळ्यांबद्दल कायद्यात काही नाही."

"मग लिहा, मन नाही म्हणून."

"लिहितो. माझी चक्की चालावी म्हणून मलाही कॉलेज हवंय, तरी लिहितो. पण मग काय होईल सांगू? मी बाहेर जाऊन सांगणार, बाईचं मन नाही. ते म्हणणार, मग वळवू. अगं, तो माणूस मनं वळवूनच पोट भरतो! अख्खं सभागृह तीन आठवड्यांत वळवलं त्याने. तू किती दिवस टिकशील?"

केझायाने विचार केला. लायसँडर संध्याकाळी शेजारी बसेल, साध्या आवाजात बोलेल, डोळ्यांत पाणी आणेल. "रविवारपर्यंत," ती म्हणाली.

"तेच म्हणतो मी."

"आणि भीती वाटते म्हटलं तर?"

"तर कागद मेला. पुन्हा तुझ्यापुढे तो कोणी आणू शकत नाही. आणला तर ती जबरदस्तीच." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पोट धरून हसायला लागला. "पण लायसँडरची भीती? अगं, त्याला त्याच्या कोंबड्या भीत नाहीत!"

"लिहा."

"केझी—"

"लिहा, एनॉसकाका."

त्याचं हसणं थांबलं. "नीट ऐक. माझ्यासमोरचा जबाब म्हणजे शपथ. उद्या तू चारचौघांत त्याच्यावर डाफरलीस तर हॉज म्हणेल, बाई खोटं बोलली, काढा तो कागद. आजपासून भ्यावं लागेल तुला. चर्चमध्ये, बाजारात, सगळीकडे."

"भीन," केझाया म्हणाली. "दगड वेचण्यापेक्षा सोपं असेल." हे ती चुकीचं बोलली होती, पण तेव्हा तिला ते ठाऊक नव्हतं.

एनॉसकाका बाहेर गेला आणि त्याने कागदावरून वाचून दाखवलं: बाईने नवऱ्याच्या भीतीने सही केली असल्याने हे दानपत्र रद्द. ती त्याच्या मागे मान खाली घालून उभी राहिली. मान वर करायची तिला लाजच वाटत होती, त्यामुळे सोंग आपोआप वठलं. लायसँडर पांढराफटक पडला होता. त्याने तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही आलं नाही. तिला वाटलं, संपवलं मी याला. बायकोला धाकात ठेवून दान उकळणारा माणूस! आता याला कुत्रं मत देणार नाही. धावत जाऊन सगळं खरं सांगावं असं तिला वाटलं, आणि तिने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली.

मग डीकन हॉज उठला, टेबलाला वळसा घालून लायसँडरपाशी आला आणि त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला. "टटल," तो म्हणाला, "आम्हाला तुझ्याबद्दल फार गैरसमज होता."

त्याच्या नजरेत राग नव्हता. होता तो मत्सर. बाकीचे सहाही जण लायसँडरकडे तसंच बघत होते, जत्रेत बक्षीस मिळालेल्या वळूकडे बघावं तसं. बोलघेवडा समजत होतो, आणि बघा, घर मुठीत ठेवलंय पठ्ठ्याने! असल्या माणसाच्या हाती दोनशे पोरं बिनघोर द्यावीत. राहिला प्रश्न जमिनीचा, तर वाईट जमीन नसतेच. हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. अर्ध्या तासात कॉलेज दलदलीत ठरलं.

त्या रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही, लायसँडर त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. आठवडाभर तो घरात चोरपावलांनी वावरला. तिने दचकू नये म्हणून दार उघडण्याआधी खोकायचा. केझायाला ते बघवेना. पण गावात वारं उलटंच वाहत होतं. लोहाराने त्याला पहिल्यांदा 'सर' म्हटलं. नांगराचा आणि तोंडाचा तो विनोद पुन्हा कोणी केला नाही. नोव्हेंबरात तो पूर्वीच्या दुप्पट मतांनी निवडून आला, आणि गव्हर्नरपदासाठी त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. जे भाषणांनी इतकी वर्षं जमलं नव्हतं ते एका कोठीने जमवलं.

हळूहळू ते खोकणं बदललं. आधी ते 'मी येतोय, घाबरू नकोस' असं होतं. पुढे ते नुसतं 'मी येतोय' असं झालं. चर्चला जाताना पूर्वी दोघं बरोबर चालत. आता तो दोन पावलं पुढे आणि ती मागे. लोकांसमोर त्याने पेला पुढे केला की ती उठून पाणी ओती. घरी आल्यावर हसून सोडून द्यावं असं तिला वाटे, पण दोघांनी मिळून हसावं असं ते काही राहिलं नव्हतं. बोलका नवरा घरात कमी बोलू लागला. त्या बोलण्याची तिला फार आठवण येई.

कॉलेज उभं राहिलं. विटांची इमारत एका कोपऱ्याने वितभर खचली. पोरं सकाळी रसायनशास्त्र शिकत आणि दुपारी तीन तास गुडघाभर चिखलात चर खणत, आणि संध्याकाळी निम्मी हिवतापाने कुडकुडत. दोन वर्षांत तिथे एक बटाटा सुकला नाही, सगळे कुजले. रस्त्यापलीकडे ऐंशी एकर मका डुलत होता. समितीचे लोक दर तिमाहीला तपासणीला येत आणि जाताना त्या मक्याकडे बघत थांबत. डीकन हॉज एकदा केझायाला म्हणालाही, "काय सिस्टर टटल, अजून भीती वाटते ना? नाही, वाटत नसेल तर सांगा. कागद माझ्या पेटीत आहे." ती जमिनीकडे बघत राहिली. तिला त्याच्या तोंडावर बीटची बरणी फोडावीशी वाटली.

तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात कणसं काढायचं काम चाललं होतं. भर दुपारी समिती कॉलेजात आली होती. डीकन आणि आणखी दोघं चारसहा विद्यार्थ्यांबरोबर दगडी कुंपणापाशी उभे होते. लायसँडर एकटाच कुंपण ओलांडून शेतात आला. बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता. आता तो साठीला टेकला होता आणि चालताना हल्ली छाती पुढे काढी. केझाया एक कणीस सोलत होती. तिच्यापाशी येऊन तो थांबला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला. कितीतरी दिवसांनी ऐकलेला तो साधा आवाज.

"केझाया, एक विचारू? त्या दिवशी कोठीत... तुला खरंच माझी भीती वाटली होती?"

तिने वर पाहिलं. तीन वर्षं ती या प्रश्नाची वाट बघत होती. वेळ हीच होती. 'छे हो, तुमची कसली भीती,' म्हणावं, तो दुखावेल, मग हसेल, आणि मग दोघं मिळून कुंपणावरच्या त्या टोप्यांना कसं फसवलं यावर पोटभर हसतील. शब्द ओठांवर आलेच होते. पण त्याच्या चेहऱ्यावर तिला पश्चात्ताप दिसला नाही. आशा दिसली. सभेत तो टाळ्यांची वाट बघताना जसा दिसे तसाच तो तिच्या 'हो'ची वाट बघत उभा होता. हा एक धाक सोडून त्याचं काही उभं राहिलं नव्हतं. कॉलेजसुद्धा खचत होतं. तिला त्याची दया आली. दया आणि थोडं प्रेमही, जुनंच.

"हो," ती म्हणाली. "फार."

लायसँडरने मान डोलावली. त्याचे खांदे सरळ झाले. मग तो कुंपणाकडे वळला आणि सभेच्या आवाजात, पोरांपर्यंत आणि समितीपर्यंत पोचेल असं, म्हणाला, "सद्गृहस्थहो, येत्या वसंतात या ऐंशी एकरांत मका होणार नाही. कॉलेजाला चिनी उसाचा प्रयोग करायचा आहे, आणि तो इथे होईल. जमीन मिसेस टटलच्याच नावावर राहील. काय पेरायचं, कधी पेरायचं, आणि कुठल्या नळ्या उपटायच्या ते मात्र मी सांगेन." आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "मी ठरवलंय, केझाया."

पूर्वी तो असं काही म्हणाला की तिचं उत्तर ठरलेलं असे: ठरवा तुम्ही, पेरते मी. तिने तोंड उघडलं. कुंपणावर कोपरं टेकून डीकन हॉज तिच्याकडे बघत होता, अगदी लक्ष देऊन. लायसँडरही बघत होता, आणि त्याच्या नजरेत शंकेचा मागमूस नव्हता. त्याने विश्वास ठेवला होता, तोही तिच्याच शब्दावर.

"बरं, मिस्टर टटल," ती म्हणाली.

तो वळून गेला. केझायाने हातातलं कणीस सोलायला घेतलं, पण अर्ध्यावरच थांबली. मग कणीस ढिगावर टाकून ती तशीच उभी राहिली, कारण तो पुन्हा मागे वळून बघतोय की काय हे तिला आधी पाहायचं होतं.